काकूच्या किडनीतली वलयं



या सदरात मी एरवी मोबाइल, कॉम्प्युटर आणि इंटरनेटबद्दल लिहितो. या वेळचा विषय केमिस्ट्रीचा आहे, आणि तो मला पुस्तकात नाही, घरात सापडला. ज्या काकूमुळे तो सापडला, तिची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच होती, "किडनीबद्दल खुशाल लिही, वयाबद्दल नको."

काकूच्या उजव्या किडनीवर बरीच वर्षं एक सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ होती. गेल्या वर्षी ती वाढून दुखायला लागली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, गाठ उघडली, आणि तिच्या भिंतीचा तुकडा व आतला द्रव नेहमीच्या पद्धतीप्रमाणे तपासायला गेला. काकू तिसऱ्या दिवशी दांडिया बाजारातल्या घरी परत आली आणि चौथ्या दिवशी तिने पोळ्या करणाऱ्या बाईंच्या चुका काढायला सुरुवात केली. म्हणजे सगळं ठीक होतं.

आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, हे वाचून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण खाली आणखी एक ओळ होती. द्रवात अनेक गोल रचना दिसतात, त्यांत एकात एक वलयं आहेत, परजीवी जंताची अंडी असण्याची शक्यता आहे, पुढील तपासणी करावी.

इथे घरातला इंजिनियर म्हणून मी पुढे सरसावलो आणि व्हायची ती चूक केली. 'किडनीतला जंत' असं सर्च केलं.

डायोक्टोफायमा रिनेल नावाचा एक जंत खरंच आहे. त्याची मादी जवळपास एक मीटर लांब होऊ शकते. तो कुत्र्यांत आणि मिंकसारख्या मासे खाणाऱ्या प्राण्यांत आढळतो, किडनीत राहतो आणि ती आतून पोखरतो. माणसात तो अतिशय दुर्मीळ. होतो तो गोड्या पाण्यातले कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मासे किंवा बेडूक खाल्ल्यामुळे. आमच्या काकूने आयुष्यात मासा चाखलेला नाही, बेडकाचा तर प्रश्नच नाही. पण मी ही शेवटची ओळ वाचण्याआधीच जंताचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता.

पुढचे दहा दिवस आठवले की आजही वाईट वाटतं. घरातल्या सगळ्या मुलांना जंताचं औषध दिलं गेलं. पाण्याची टाकी उपसून धुतली. शेजारच्या बेन रोज संध्याकाळी गप्पा मारायला यायच्या, त्यांना काकूने "आठ दिवस येऊ नका" असं सांगितलं आणि कारण मात्र सांगितलं नाही. नातीला स्वतःच्या ताटातला घास भरवणारी काकू वेगळं ताट, वेगळा पेला घेऊन कोपऱ्यात जेवू लागली. एका रात्री ती मला म्हणाली, "अरे, माझ्या अंगात काहीतरी जिवंत आहे, असं सारखं वाटतं. झोपच लागत नाही."

तो फोटो मी टाकला होता, हे ती एकदाही बोलली नाही. म्हणून तर जास्त लागलं.

मायक्रोस्कोपखाली

लॅबने 'शक्यता' असं लिहिलं होतं, आम्ही तो निकाल समजून बसलो होतो. शेवटी सर्जननीच सुचवलं की स्लाइड आणखी एका पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगतो. बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात, आणि दुसऱ्या मतासाठी त्या मागता येतात. पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

ज्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी या कामात आयुष्य घालवलं होतं. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा मायक्रोस्कोप होता. त्यांनी मला समोर बसवलं.

मी पाहिलं आणि पोटात गोळा आला. गुलाबी पार्श्वभूमीवर गोल गोल टिकल्या. प्रत्येकीला जाड दुहेरी भिंत, भिंतीत बारीक आडव्या रेघा, आत वलयांमागून वलयं, आणि मधोमध एक ठिपका. अगदी कवचातलं अंडं.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"अंडी," मी म्हणालो.

"बरं. मग आता सांगा, सगळ्यात लहान किती आणि सगळ्यात मोठं किती?"

मी पुन्हा पाहिलं. काही टिकल्या इतक्या लहान की जेमतेम ठिपक्याएवढ्या. काही त्यांच्या पन्नासपट मोठ्या.

"कोंबडीची अंडी पाहिलीत ना? थोडी लहानमोठी असतात. पण एक वाटाण्याएवढं आणि एक कलिंगडाएवढं, असं कधी पाहिलंत? या जंताचं अंडं साधारण ६० ते ८० मायक्रोमीटर लांब असतं. ही एकाच जंताची अंडी असती, तर मापं अशी सैरावैरा नसती."

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. अंडं असेल तर आत पेशी हव्यात, पेशींची केंद्रकं हवीत, निदान काहींमध्ये तरी वाढणारी अळी हवी. इथे केंद्रक एकही नाही, फक्त वलयं. ही रचना एखाद्या क्षाराच्या स्फटिकांची असती, तर ध्रुवीकृत प्रकाशात चमकली असती. ती चमकत नव्हती. कॅल्शियमसाठी, लोहासाठी, बुरशीसाठी वेगवेगळे रंग देऊन पाहतात, तेही त्यांनी करून घेतले होते. सगळं जमेला धरून त्यांनी रिपोर्टवर दोन शब्द लिहिले, 'लिझेगांग वलयं'.

"हे जंत नाहीत, पेशी नाहीत, सजीवच नाहीत," त्या म्हणाल्या. "गाठीतल्या दाट, साचलेल्या द्रवातून साका बसताना झालेली नक्षी आहे. आधीही लोक फसलेत. १९८७ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात खास या विषयावर लेख आला होता, ही वलयं आणि किडनीतला तो मोठा जंत यांच्यात फरक कसा ओळखायचा यावर. त्यामुळे तुम्ही फसलात याचं फार वाईट वाटून घेऊ नका. फोटो ग्रुपवर टाकलात, त्याचं वाटून घ्या."

काकूने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं तर!

एका थेंबाची गोष्ट

घरी आल्यावर काकू त्या रात्री शांत झोपली. माझी मात्र झोप उडाली. निर्जीव साका वलयं का काढेल? मीठ पाण्यात टाकलं तर विरघळतं, जास्त टाकलं तर तळाशी बसतं. तळाशी बसलेल्या मिठाने रांगोळी काढल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट सुरू होते जर्मनीत. राफाएल एडुआर्ड लिझेगांग यांचा जन्म १८६९ चा. त्यांच्या घरचा धंदा फोटोग्राफीच्या साहित्याचा. त्या काळी फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर देत. जेली करताना वापरतो तेच हे जिलेटिन. १८९६ मध्ये लिझेगांग यांनी काचेवर जिलेटिनचा थर दिला, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेलं होतं, आणि मधोमध सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब ठेवला. दोन्ही रसायनं एकमेकांना भेटली की तांबूस रंगाचं सिल्व्हर डायक्रोमेट तयार होतं आणि त्याचा साका बसतो. अपेक्षा अशी की थेंबाभोवती एक सलग तांबूस डाग पसरत जाईल. प्रत्यक्षात दिसली वलयं. एक तांबडं कडं, मग मोकळी जागा, मग दुसरं कडं, पुन्हा मोकळी जागा, आणि जसजसं बाहेर जावं तसतशी मोकळी जागा रुंद.

असं काही पाहणारे लिझेगांग पहिलेच नव्हते. फ्रीडलीब रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने टिपकागदावर वेगवेगळ्या क्षारांचे थेंब टाकून सुंदर रंगीत नक्ष्या मिळवल्या होत्या आणि १८५५ मध्ये त्यांचं पुस्तकच काढलं होतं. कॉफीच्या बियांमधून कॅफीन वेगळं करणारे ते हेच. रुंगे यांना वाटलं की पदार्थांच्या अंगातच आकार घेण्याची एक ओढ आहे. म्हणजे तेव्हाही माणसाने नक्षी पाहिली आणि तिच्यामागे काहीतरी सजीवासारखं शोधलं. मी जंत शोधला, त्यांनी ओढ शोधली. माझ्यापेक्षा त्यांचं बरं.

लिझेगांग यांच्या वलयांचं पहिलं नीट स्पष्टीकरण पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी दिलं. त्यांना पुढे १९०९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते स्पष्टीकरण समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल.

पाक, दोरा आणि खडीसाखर

साखरेचा दाट पाक करून थंड होऊ दिला, तर त्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर काही काळ विरघळलेलीच राहते. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. साखरेला बाहेर पडायचं असतं, पण सुरुवात कोणी करायची हा प्रश्न असतो. दोरा सोडला की दोऱ्यावर पहिले कण बसतात, मग बाकीची साखर त्यांच्यावरच येऊन बसत जाते. खडीसाखर अशीच होते. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, मर्यादा ओलांडल्याबरोबर साखर बाहेर पडत नाही, त्याहून पुढची एक पायरी गाठावी लागते. दोन, एकदा सुरुवात झाली की तयार झालेला खडा आजूबाजूची साखर ओढून घेतो, आणि त्याच्या शेजारचा पाक पातळ होतो.

आता जिलेटिनकडे या. थेंबातलं सिल्व्हर नायट्रेट हळूहळू बाहेर पसरतंय. जिलेटिनमध्ये डायक्रोमेट आधीच सगळीकडे सारखं पसरलेलं आहे. एका ठिकाणी दोघांचं प्रमाण ती पायरी ओलांडतं आणि तिथे साका बसायला लागतो. पहिलं कडं तयार झालं. हे कडं भुकेलं असतं. ते शेजारचं डायक्रोमेटही स्वतःकडे खेचतं. त्यामुळे कड्याच्या लगेच पुढचा पट्टा रिकामा होतो. सिल्व्हर नायट्रेट पुढे सरकतं, पण त्या रिकाम्या पट्ट्यात भेटायला कोणी नसतं, पायरी गाठली जात नाही, साका बसत नाही. आणखी पुढे गेल्यावर पुन्हा भरलेला भाग लागतो, पुन्हा पायरी ओलांडली जाते, दुसरं कडं बसतं. मग तेच पुन्हा.

इथे ना कोणी चित्रकार आहे, ना घड्याळ. 'पुढे सरक, मर्यादा ओलांडली की बस, बसलास की शेजाऱ्याचं ओढून घे' एवढे तीन नियम. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे वाचून गुदगुल्या झाल्या. चार ओळींचा लूप, आणि त्यातून एवढी देखणी नक्षी!

या नक्षीचं गणितही आहे. एकामागून एक येणाऱ्या वलयांच्या अंतरांचं गुणोत्तर जवळपास कायम राहतं. समजा पहिलं वलय १० मिलिमीटरवर आहे आणि गुणोत्तर १.२ आहे, तर पुढची वलयं १२, १४.४ आणि १७.३ मिलिमीटरवर येतील. मधल्या मोकळ्या जागा २, मग २.४, मग २.९ अशा वाढत जातील. दुसरा नियम वेळेचा. अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे एका दिवसात १० मिलिमीटर गेलं, तर २० मिलिमीटरला चार दिवस लागतील आणि ३० मिलिमीटरला नऊ.

हे सगळं इतकं सुटसुटीत असेल तर प्रश्न मिटला असता. तो मिटला नाही. भारतातही यावर काम झालं. अलाहाबादला नीलरत्न धर आणि ए. सी. चॅटर्जी यांनी १९२० च्या दशकात मांडलं की साका आधी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत राहतो आणि मग गोठून पट्टे बनवतो. सर सी. व्ही. रमण यांनी के. सुब्बा रामय्या यांच्यासोबत १९३९ मध्ये या वलयांमध्ये लाटांसारखे गुण दिसतात, असं लिहिलं. लाटांची कल्पना पुढे फारशी टिकली नाही. मर्यादा आणि विसरण यांवर आधारलेली स्पष्टीकरणं टिकली, पण त्यांतही कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, याचे वाद अजून आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक थेंब अजून पुरता सुकलेला नाही.

मे महिना आणि जिलेटिन

काकूची नात, म्हणजे माझी पुतणी, नववीत आहे. आजीच्या पोटातली नक्षी तिला प्रोजेक्टमध्ये करून दाखवायची होती. सिल्व्हर नायट्रेट महाग आणि डायक्रोमेट विषारी, त्यामुळे ती जोडी बाद. तिच्या शिक्षिकेने दुसरी जोडी सुचवली, मॅग्नेशियम सल्फेट आणि अमोनिया. टेस्ट ट्यूबमध्ये मॅग्नेशियम सल्फेट घातलेलं जिलेटिन जमू द्यायचं, वरून अमोनियाचं द्रावण ओतायचं, बूच लावायचं आणि वाट पाहायची. साका बसतो तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा, पांढरा. ॲसिडिटीवर आपण जे दुधासारखं औषध घेतो, त्यात हेच असतं. अमोनियाची वाफ डोळ्यांना आणि घशाला वाईट, त्यामुळे हे सगळं शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षिकेच्या हातून झालं. घरी करू नका.

पहिला प्रयत्न आम्ही मे महिन्यात केला. बडोद्याचा मे! तापमान चाळिशीच्या पुढे, आणि जिलेटिन तिशीच्या पुढे गेलं की वितळायला लागतं. दुसऱ्या दिवशी ट्यूबमध्ये वलय एकही नाही, सगळं पांढरंफट दूध. पुतणी रडकुंडीला आली. शिक्षिका मात्र खूश. म्हणाल्या, "हाच तर प्रयोग झाला! जेल का लागतं, ते कळलं की नाही?"

खरंच कळलं. साध्या पाण्यात साका तयार होतो तेव्हा तो खाली बसतो, पाणी ढवळलं जातं, सगळं एकत्र होतं. जेलमध्ये रसायन फक्त मुंगीच्या पावलांनी सरकू शकतं, आणि बसलेला कण जिथल्या तिथे राहतो. म्हणून नक्षी टिकते. काकूच्या गाठीतला द्रवही वर्षानुवर्षं साचलेला, प्रथिनांनी दाट झालेला होता. शरीरात ही वलयं सापडतात ती बहुतेक अशाच ठिकाणी, किडनीच्या आणि स्तनाच्या गाठींत, सुजलेल्या किंवा मेलेल्या ऊतींत, जिथे काहीतरी दाट साचून राहिलं आहे.

जूनमध्ये दुसरी ट्यूब एसी असलेल्या खोलीत ठेवली. चौथ्या दिवशी पट्टे दिसायला लागले. वरचे एकमेकांना चिकटलेले, खालचे दूर दूर. पुतणीने पट्टी लावून अंतरं मोजली, भागाकार केले, आणि ओरडली, "काका, गुणोत्तर जवळजवळ सारखं येतंय!" काकूने चष्मा लावून ट्यूब उजेडात धरली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढंसं होतं तर ते. आणि मी वेगळ्या ताटात जेवत होते."

सगळी वलयं सारखी नसतात

गोष्ट इथे संपवता आली असती. पण मग मी तीच चूक उलट्या बाजूने केली असती. कारण त्यानंतर काही आठवडे मला जिथे तिथे लिझेगांग दिसायला लागले.

टेबलावर चहाचा थेंब सुकला की कडेला गडद कडं उरतं. पण ते लिझेगांग नाही. थेंबाच्या कडेचं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि चहाचे कण सोबत नेऊन तिथे टाकतं. झाडाच्या खोडातली वलयं तर अगदीच वेगळी. तिथे ऋतू बदलतो, वाढीचा वेग बदलतो, म्हणून कडं उमटतं. ते झाडाचं कॅलेंडर आहे. लिझेगांग वलयांवरून मात्र काकूची गाठ किती वर्षांची होती, हे सांगता येणार नाही. नायट्याचं गोल कडं बुरशी कडेने वाढत जाते म्हणून दिसतं.

शरीरातलंच आणखी एक उदाहरण फार विचार करायला लावणारं आहे. १९२८ मध्ये योझेफ बालो या हंगेरियन डॉक्टरांनी मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराचं वर्णन केलं. त्यात मज्जातंतूंवरचं आवरण नष्ट झालेला पट्टा, मग शाबूत पट्टा, पुन्हा नष्ट झालेला पट्टा, अशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलयं असतात. दिसायला हुबेहूब लिझेगांग. पण इथे कुठला क्षार बसत नाही. एक विचार असा आहे की दाह पसरताना त्याच्या थोडं पुढच्या पेशींना आधीच सौम्य इजा होते, त्या सावध होतात, स्वतःचं रक्षण करतात आणि वाचतात. त्यांच्या पलीकडच्यांना ही पूर्वसूचना मिळत नाही, त्या बळी पडतात. पसरणं, मर्यादा आणि शेजाऱ्यावर परिणाम, हे नियम तेच. पण ते पाळणारे कण नाहीत, जिवंत पेशी आहेत. नक्षी सारखी असूनही उपचार आणि परिणाम यांत जमीनअस्मानाचा फरक.

आणि खुद्द लिझेगांग? माझ्या टेबलावर आजोबांचा अकीकाचा पेपरवेट आहे. आपल्याकडे काही घरांत अकीकाची एखादी वस्तू सापडेल, अंगठी, माळ किंवा औषधाचा खल. बडोद्याहून तासा-दीड तासावरच्या खंभातला हा धंदा. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणीतला दगड तिथे येतो, भाजला की लाल होतो, आणि लोथलमध्ये हडप्पाकालीन मणी बनवण्याचा कारखानाच उत्खननात मिळाला आहे. मूळ दगड दख्खनच्या लाव्हातला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये सिलिका साचून अकीक झाला, आणि त्यात एकात एक बारीक पट्टे उमटले.

लिझेगांग यांनी १९१५ मध्ये अकीकावर पुस्तक लिहिलं आणि हे पट्टे आपल्याच वलयांसारखे, जेलमध्ये पसरणाऱ्या रसायनांमुळे झाले, असं मांडलं. मोह समजण्यासारखा आहे. पण भूगर्भशास्त्रज्ञांचं यावर आजही एकमत नाही. अकीकाचे पट्टे बहुतेक वेळा पोकळीच्या भिंतीला धरून जातात, जणू भांड्याला आतून थरावर थर दिले आहेत. कदाचित सिलिका खरोखरच थराथराने बसली असेल, कदाचित थोडं हे आणि थोडं ते. ज्यांच्या नावाने वलयं ओळखली जातात, त्यांनाही फक्त दिसण्यावरून निकाल देता आला नाही.

बाईंचा प्रश्न

मी ज्या कामावर आहे, तिथे कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवरून यंत्राच्या भागांतले तडे ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते मध्यंतरी पाण्याच्या वाळलेल्या डागालाही तडा म्हणत होतं, कारण दोन्ही फोटोत काळ्या वाकड्या रेषा. तेव्हा मी त्याला हसलो होतो. काकूच्या स्लाइडसमोर बसून मी तेच केलं. फरक एवढाच की सॉफ्टवेअरने तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला नव्हता.

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काय वेगळं केलं? "हे कशासारखं दिसतं?" यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे तसं असेल, तर आणखी काय काय दिसायला हवं?" अंडं असेल तर माप ठरलेलं हवं, आत पेशी हव्यात. स्फटिक असेल तर चमक हवी. दिसत नाही? मग ते नव्हे. लिझेगांग वलयं असतील तर लहानमोठी मापं आणि निर्जीव गाभा हवा. आहे? मग मत त्या बाजूला झुकवा. पुतणीने ट्यूबवर पट्टी लावली तेव्हा तिनेही हेच केलं. नक्षी पाहून टाळी वाजवण्यापेक्षा तिने गुणोत्तर काढलं.

आजकाल रिपोर्ट आपल्या मोबाइलवर डॉक्टरांच्या आधी येतो, आणि उत्तर द्यायला सर्च आणि एआय तयारच असतात. दोघेही 'सारखं दिसणारं' फार चटकन आणून देतात. त्यातून घरातलं कोणीतरी वेगळ्या ताटात जेवायला लागू नये, एवढं आपल्या हातात आहे. 'शक्यता' हा शब्द शक्यता म्हणूनच वाचा, आणि पुढे पाठवण्याआधी दुसरं मत घ्या.

काकू आता ठणठणीत आहे. शेजारच्या बेन पुन्हा रोज संध्याकाळी येतात. त्यांना खरं कारण कळलं तेव्हा त्या काकूवर चिडल्या, म्हणाल्या, "एवढ्यासाठी मला दहा दिवस चहा पाजला नाही?" ती ट्यूब पुतणीने शाळेत ठेवू दिली नाही. काकूच्या देवघराशेजारच्या कपाटात ती बूच लावून, उभी ठेवलेली आहे, आणि आल्यागेल्याला काकू ती दाखवते, "हे बघा, माझ्या पोटातलं."

बालमित्रांनो, या महिन्याचं काम तुमच्यासाठी. घरात, अंगणात, देवळाच्या दगडात, कांद्यात, शिंपल्यात, जिथे कुठे वलयं दिसतील तिथे एक फोटो काढा आणि खाली दोन ओळी लिहा. पहिली ओळ, ही वलयं कशामुळे झाली असं तुम्हाला वाटतं. दुसरी ओळ, तसं असेल तर आणखी काय दिसायला हवं, आणि ते दिसलं का. फोटो आपल्या अंकाकडे पाठवा.

फॅमिली ग्रुपवर मात्र नंतर.